चिठ्ठीवरचा ‘टूडी इको’

मोर्शीच्या बसस्थानकावर अमरावतीच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत एखाद्याच्या हाती डॉक्टरांची चिठ्ठी असते: ‘टूडी इको’, म्हणजे ध्वनिलहरींनी होणारी हृदयाची तपासणी. संत्र्याच्या तोडणीतला एक दिवस मोडायचा, पन्नासेक किलोमीटर जायचे, छातीला जेल लावून डाव्या कुशीवर पडायचे आणि ‘ईएफ ६० टक्के’ असा कागद घेऊन परतायचे. त्या आकड्याचा अर्थ विचारायला सहसा कुणी धजत नाही. या अंकाचा विषय आम्हाला तिथेच सापडला.

ईएफ म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडते ते. शंभर कुणाचाच नसतो, साठ उत्तमच. (घरोघरी मात्र ‘चाळीस टक्के हृदय गेलं’ असा हिशेब होतो.) इकोत झडपा, कप्पे, हृदयाभोवतीचे पाणी दिसते, रक्तवाहिनीतला अडथळा थेट दिसत नाही.

१९५३ साली स्वीडनमध्ये इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधणारे यंत्र हृदयावर लावून पाहिले, तिथून ही तपासणी सुरू झाली. आता ते यंत्र खिशात मावते. त्याच ध्वनिलहरींनी गर्भही पाहता येतो, म्हणून गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे त्याला नोंदणी लागते. ती हवीच, असे आमचे मत.

दम लागलेली गरोदर बाई, पक्षाघाताचा रुग्ण, सांधे सुजून ताप येणारे पोर: वॉर्डातल्या कुणाला इको तातडीने हवा आणि कुणाला उगाच पुन्हा सांगितला जातो, यावर या अंकात भर आहे. तुमच्या चिठ्ठीचे काय झाले, ते आम्हाला जरूर लिहा. कागद समजला नसेल, तर तेही कळवा.