राबते ती, सातबारा त्याचा

ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूर, कल्याणच्या गावांतून मी काम करते. भातलावणीला चिखलात दिवसभर वाकतात त्या बाया. पण सरकारदरबारी शेतकरी कोण? सातबाऱ्यावर ज्याचे नाव, तो! २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये, २०२३ पासून राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे आणखी ६०००, जमा होतात खातेदाराच्या नावावर. म्हणजे बहुतेक घरांत पुरुषाच्या. अनुदान श्रमाला नाही, मालकीला मिळते.

बायकोचे नाव सातबाऱ्यावर यावे म्हणून १९९२ साली ‘लक्ष्मीमुक्ती’ आली. पण अर्ज नवऱ्याच्या मर्जीवर सोडला. हक्क कधी मर्जीवर मिळतो का?

मैत्रिणींनो, मागणी एकच: कसणारीचे नाव सातबाऱ्यावर, हप्ता तिच्याही खात्यात!