परळीची वीज आणि आपलं पाणी

तरावीह चालू असताना लाइट गेली की आपण रेणापूरवाले वायरमनला बोल लावून मोकळे होतो. ती वीज येते कुठून, कशाच्या बदल्यात येते, हे क्वचितच विचारतो.

आपल्या शेजारी परळीत औष्णिक केंद्र आहे. १९७१ पासून तिथं कोळसा जळतोय. जुने संच गेले, आता २५० मेगावॅटचे तीन आहेत. कोळशाचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. ऊन असो-नसो, रात्री सहरीच्या वेळीही वीज मिळते. कंत्राटी कामगार, ट्रकवाले, राखेच्या विटा करणारे अशी कितीतरी घरं त्यावर चालतात, त्यात आपलीही आहेत.

पण परळीत कोळशाची खाण नाही. माल रेल्वेने लांबून आणायचा, म्हणून वीज महाग पडते. आपल्या देशी कोळशात राख तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ती शेतात, विहिरीत, छातीत जाते. या राखेच्या धंद्यावरून बीडचं राजकारण २०२५ मध्ये किती तापलं, ते सगळ्यांनी पाहिलंच.

आमच्या मते खरा प्रश्न पाण्याचा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कूलिंग टॉवरवाल्या जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. हिशोब करा (शाळेत पोरांकडून करून घेतो तसा): २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला ६० लाख युनिट, म्हणजे दोन कोटी दहा लाख लिटर पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती आठवते ना? पन्नास वाघिणींच्या गाडीत २५ लाख लिटर. तशा आठ गाड्या रोज, एकट्या संचाला! म्हणूनच २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळी बंद पडली. ऐन गरजेच्या वेळीच.

आहे ते केंद्र उद्याच बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. रात्रीची सोय झाल्याशिवाय ते जमणारही नाही. पण मराठवाड्यात कोळशाचा नवा संच नको. ऊन आपल्याकडे फुकट आहे आणि सौर पॅनलला धुण्यापुरतंच पाणी लागतं. शेतीपंपाला दिवसा सौर वीज मिळाली तर रात्री साप-विंचवात मोटार चालू करायला जावं लागणार नाही. मशिदीच्या, मदरशाच्या छतांचा विचार जमातीने येत्या बैठकीत करावा. जोहर आणि असरच्या वेळी पंखे तरी त्यावर फिरतील.