पुट्टी लावायची नाही

भाऊबीजेला ताई आली होती. ओवाळणं झालं, फराळ झाला, आणि हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेली ती तिथूनच ओरडली, "अरे, ही अजून इथंच? आणि हिचे दरवाजे कुठं गेले?"

दरवाजे गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. सीटा पडवीत होत्या. दादांच्या मारुती ८००चा नुसता सांगाडा चार विटांच्या थप्प्यांवर उभा होता आणि त्याच्या पोटात शिरून ताईचा स्वतःचा मुलगा ग्राइंडर चालवत होता. पुढे काय झालं ते सांगत बसत नाही. "त्याला आधीच काय कमी वेड आहे, म्हणून तू त्याला शर्यतीची गाडी करून देतोयस?" हे तिचं वाक्य मात्र डोक्यात बसलं आहे. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं नेहमी पाहुणे गेल्यावर सुचतात. म्हणून इथे लिहितो आहे. ताई वाचेल हे माहीत आहे.

आधी गाडीबद्दल. आमचं महाळुंगे म्हणजे चाकणजवळचं, महाळुंगे इंगळे. (बालेवाडीशेजारचं नव्हे. पुण्याचे नातेवाईक अजून तिकडे जाऊन फोन करतात.) दादांनी ही पांढरी ८०० १९९७ साली घेतली. पिंपरीच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाची पहिली आणि शेवटची चारचाकी. ते गेल्यावर गाडी गोठ्याशेजारी लागली ती लागलीच. सात-आठ पावसाळे तिने अंगावर काढले. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. आमच्या घरात त्या गाडीचा तेवढाच उपयोग उरला होता.

या गाडीचं काय करायचं यावर घरात तीन पक्ष आहेत. धाकटा भाऊ म्हणतो भंगारात घाल. मावसभाऊ म्हणतो पूर्वीसारखी चकचकीत करून दादांची आठवण म्हणून ठेव. आणि ताई म्हणते काहीही कर, पण शर्यत नको. तिघांनाही एकेक करून उत्तर देतो.

भंगारवाल्या पक्षाचं म्हणणं अगदीच चूक नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राचं स्क्रॅपेज धोरण आलं. अधिकृत केंद्रात गाडी मोडीत दिली की प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या खाजगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. उलट जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची तर १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून थेट ५००० झाली आणि नंतर खूप जुन्या गाड्यांसाठी आणखी वाढली. रोज धूर ओकत हिंडणारी गाडी मोडीत गेलीच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. पण माझी गाडी रस्त्यावर जाणारच नाही. तिची नोंदणी रद्द करायची आणि तिला कायमची मैदानात पाठवायची. तिथे न्यायची ती टेम्पोत घालून. ८०० लांबीला साडेतीन मीटरसुद्धा नाही, आरामात बसते. असंही कायद्याच्या दृष्टीने तिला रस्ता बंदच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल, दोन्हींचा अर्थ असा की कंपनीने बनवलेल्या गाडीचा मूळ ढाचा बदलून ती रस्त्यावर चालवता येत नाही. मला हा निकाल पटतो. सायलेन्सर फोडून सोसायटीत रात्री अकराला बोंब मारणाऱ्यांना तो अजून कुणी वाचून दाखवलेला दिसत नाही, एवढीच तक्रार.

आता चकचकीतवाला पक्ष. याच्यावर माझा खरा राग आहे, कारण हा पक्ष प्रेमाचा आव आणतो.

मी जवळजवळ तीस वर्षं पत्र्यात काम करतो. प्रेस शॉप, मग टूल रूम. तरी दादांच्या गाडीच्या बुडाखाली झोपून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. वरून फक्त दोन-चार फोड दिसत होते. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ते पापडातून जावं तसं आरपार गेलं. रबरी मॅटखाली पावसाचं पाणी वर्षानुवर्षं मुरत होतं. दाराखालचा जो पोकळ उंबरा असतो, त्यातून पाणी जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती शेणामातीने बुजली होती. गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसतो तोवर आतला पत्रा गेलेला असतो.

एका गॅरेजवाल्याला दाखवली. तो म्हणाला, पंधरा दिवसांत शोरूमसारखी करून देतो. कशी? तर भोकांवर पातळ पत्र्याचे तुकडे, त्यावर पुट्टी, त्यावर प्रायमर, त्यावर रंग. वर्षभर कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, आणि वर्षानंतर? तो हसला. त्याचा दोष नाही. गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. लग्नाच्या वरातीला, फोटोला, दारात उभी करायला पुट्टी पुरते. आणि कृपा करून विंटेजचं नाव घेऊ नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हावी लागतात. दादांची गाडी विंटेज व्हायला २०४७ उजाडेल, तोवर पुट्टीसुद्धा उरणार नाही.

शर्यतीच्या गाडीत ही लबाडी चालत नाही. का ते सांगतो. शर्यतीच्या गाडीत आधी बसवायचा असतो तो रोल केज. गाडी उलटली तर माणसाच्या डोक्यावर छप्पर येऊ नये म्हणून आतून उभा केलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा. एफआयएच्या नियमांत मुख्य कमानीची नळी सीमलेस हवी, किमान ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमीची आणि २ मिमी जाडीची. वाक देताना ती चेपता कामा नये. आणि तिचे पाय जिथे टेकतात तिथे बुडाला किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट. आता ही प्लेट वेल्ड करायची कशाला? पापडाला? पुट्टीला? खालचा पत्रा सडका असेल तर अख्खा पिंजरा पायातून उखडेल आणि आतल्या माणसाला घेऊन जाईल. म्हणजे आधी गंज कापायचा. चांगला, खणखणीत वाजणारा पत्रा लागेपर्यंत मागे मागे कापत जायचं, नवा पत्रा तसाच वाकवून बसवायचा, पोकळ भागात आतून मेण-तेलाचा लेप द्यायचा. आमचे दोन महिने यातच गेले. इंजिनला अजून हात लागलेला नाही.

म्हणून म्हणतो, जुन्या गाडीचा सर्वांत प्रामाणिक जीर्णोद्धार म्हणजे तिची शर्यतीची गाडी करणं. शोभेच्या गाडीला जे झाकता येतं ते हिला झाकता येत नाही. आमच्या गोठ्याच्या दारावर भाच्याने खडूने लिहून ठेवलं आहे : पुट्टी लावायची नाही.

"पण शर्यत म्हणजे श्रीमंतांचे चोचले," हे एक ठरलेलं वाक्य. अमेरिकेत २००६ पासून '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाची शर्यतमालिका चालते. तिचा नियमच असा की गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी. पण त्या ५०० मध्ये पिंजरा, पट्टे, ब्रेक अशा सुरक्षेच्या गोष्टी धरत नाहीत. कंजूषपणा गाडीत करा, माणसात करू नका! ब्रिटनमध्ये ७५० मोटर क्लब १९३९ साली निघाला तो जुन्या ७४७ सीसीच्या ऑस्टिन सेव्हन गाड्यांवर. लोटसवाल्या कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये पहिली गाडी केली ती जुन्या ऑस्टिन सेव्हनचीच. आपली ८०० आहे ७९६ सीसीची. म्हणजे आपण ४९ सीसी पुढेच आहोत.

लांब कशाला जा? कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांनी याच ८००चं इंजिन वापरून एका सीटच्या स्वस्त शर्यतीच्या गाड्या बनवल्या. त्या फॉर्म्युला मारुती गाड्यांवर पोरांची एक पिढी तयार झाली. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. आज कोईमतूरचा ट्रॅक त्यांच्या नावाने ओळखला जातो. तिकडे चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षं शर्यती झाल्या, आणि १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक उभा राहिला. आणि आमच्याकडे? २००९ साली चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, २०१० मध्ये महिंद्रा, त्याआधीपासून बजाज, त्याही आधीपासून पिंपरीला टेल्को. एवढ्या गाड्या जिथे बनतात तिथल्या पोराला गाडी जोरात आणि सुरक्षित चालवायची असेल तर तो जातो कुठे? तळेगाव-चाकण रस्त्यावर. रात्री.

आता ताई, तुझ्याकडे येतो.

दोन वर्षांपूर्वीची ती रात्र मी विसरलेलो नाही. दवाखान्यात मीच आधी पोचलो होतो. तुझ्या पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि त्याच्या मित्राच्या मांडीत अजून सळई आहे. कंटेनरच्या मागच्या दिव्यापर्यंत कोण आधी पोचतो, एवढीच पैज होती. त्यानंतर तू त्याची मोटारसायकल विकलीस. बरं केलंस. सहा महिन्यांनी त्याने हप्त्यावर दुसरी घेतली. तुला वाटतं वेड गाडीत आहे, गाडी काढून घेतली की वेड जाईल. मला तसं वाटत नाही.

तो दिवसभर काय करतो ठाऊक आहे? लाइनवर उभा राहून एकाच जागचे चार बोल्ट आवळतो. ठरलेल्या सेकंदात. शिफ्टभर. डिप्लोमा झालेला पोरगा, पण गाडी म्हणजे काय ते त्याने अख्खं कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या गोठ्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात मला म्हणाला, "मामा, हा पत्रा इथं दुमडलाय तो कशासाठी?" हा प्रश्न त्याने कंपनीत कुणाला विचारला नसता आणि विचारला असता तर कुणी थांबून उत्तर दिलं नसतं. परवा पिंजऱ्याची पहिली कमान बसवताना त्याने स्वतःचं वेल्डिंग स्वतःच कापून टाकलं. म्हणाला, "आत बसणारा मीच आहे ना." रस्त्यावर पैज लावणाऱ्या पोराच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि शर्यत म्हणजे तू समजतेस तशी धडकाधडकी नव्हे. आपण खेड तालुक्यातली माणसं, आपल्याला हे कुणी शिकवायला नको. आपल्या घाटात बैलगाडा कसा पळतो? एकटा. समोर घोडी, मागे गाडा, आणि स्पर्धा घड्याळाशी. ज्याचे सेकंद कमी तो पहिला. ऑटोक्रॉस अगदी तसंच असतं. मोकळ्या मैदानात शंकू मांडायचे, एका वेळी एक गाडी सोडायची, वेळ लिहायची. बंदी असताना आपल्या भागाने बैलगाड्यासाठी २०१४ पासून किती वर्षं भांडण केलं! डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं, तेव्हा गुलाल उधळणाऱ्यांत आपले भावोजीही होते. बैलांचा नाद तो नाद, आणि पोराचा नाद ते वेड?

खर्चाचंही लिहून टाकतो, म्हणजे घरात कुजबूज नको. पत्रा, वेल्डिंग, नळ्या, सीट, सहा टोकांचा पट्टा, हेल्मेट, अग्निशामक, वीज तोडायचा स्विच, इंजिनचं काम, सगळं धरून दीड लाखाच्या आसपास जाईल. त्याने हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलला जवळपास तेवढेच पडले. यातला निम्मा पैसा नुसता माणूस वाचवण्यासाठी आहे. मोटारसायकलच्या दीड लाखात त्याने हेल्मेट घेतलं होतं ते बाराशेचं.

एक कबूल करतो. ही गाडी झाली म्हणून तो रस्त्यावर कधीच जोरात जाणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकत नाही. पण नुसतं "नको" म्हणून आपण दोन वर्षं पाहिलं. त्याचा निकाल मांडीत सळई होऊन बसला आहे.

राहता राहिला मैदानाचा प्रश्न. तो घरच्यांना नाही, गावातल्या आणि एमआयडीसीतल्या मोठ्या माणसांना आहे. या पट्ट्यात कंपन्यांची केवढाली यार्डं आहेत, सुट्टीच्या दिवशी त्यांवर कुत्री झोपतात. महिन्यातून एक दिवस, एक यार्ड, एक अॅम्ब्युलन्स, जाणकार माणसं आणि रीतसर परवानगी. एवढं मागणं जास्त आहे का? रस्ता सुरक्षा सप्ताहात पोरांच्या हातात फलक देऊन मोर्चे काढण्यापेक्षा याने जास्त हाडं वाचतील, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

असो. बरंच लांबलं. ताई, पुढच्या गुरुवारी पिंजऱ्याची दुसरी कमान बसते आहे. तू ये. दादांच्या डॅशबोर्डवरचा गणपती काढून कपाटात ठेवला होता, तो परत कुठे लावायचा ते तू ठरव. फक्त साध्या चपला घालून येऊ नकोस, अंगणात पत्र्याचे तुकडे पडलेत.