काठमांडूचं विमान पनवेलहून सुटू द्या

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



मुंबईहून कोलकाता सरळ रेषेत सुमारे 1,660 किलोमीटर. काठमांडू 1,600च्या आसपास, कोलंबो 1,530. म्हणजे ही दोन परकी शहरं आपल्याच कोलकात्यापेक्षा जवळ. काठमांडूला विमानानं साधारण पावणेतीन तास लागतात. नेपाळचं घड्याळ पाव तास पुढे आहे. जाताना पश्चिमेचा वारा जी मिनिटं वाचवतो, ती हे घड्याळ तिकिटावर परत वसूल करतं.

पशुपतिनाथाला निघालेल्या पनवेलकराचा हिशोब मात्र वेगळा. मुंबईचा सहारचा विमानतळ चाळीसेक किलोमीटरवर. वाटेत कळंबोली, वाशीची खाडी, मानखुर्द. बॅगा आणि म्हातारी माणसं घेऊन लोकल झेपत नाही, म्हणून टॅक्सी. परदेशी उड्डाणाला तीन तास आधी हजर राहायचं आणि कोंडीच्या धास्तीनं त्याच्याही दोन तास आधी घर सोडायचं. पावणेतीन तासांच्या प्रवासाला पाच तासांची पूर्वतयारी!

शेजारचं शहर लांब पडतं, ते नेहमी किलोमीटरमुळे नाही. कराचीचंच घ्या. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला बैलगाडीतून आलेले पेट्रोलचे डबे पस मॉथ विमानात रिते झाले आणि दुपारी ते जुहूला उतरले. पन्नास वर्षांनी, वयाच्या 78व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. कराची मुंबईपासून जेमतेम पावणेनऊशे किलोमीटर, दिल्लीहूनही जवळ. पण मुंबई-कराची थेट विमान 2017 साली बंद झालं, आणि एप्रिल 2025मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशही बंद केलं. दुबईमार्गे जायचं तर तीन हजार किलोमीटरांहून मोठा वळसा. त्यामागची कारणं गंभीर आहेत. पनवेलकरांचं मागणं त्याबद्दल नाही.

काठमांडू आणि कोलंबोच्या बाबतीत असं कोणतं कारण आहे? 2016च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणात सार्क देशांशी परस्पर तत्त्वावर खुल्या आकाशाचं सूत्र मंत्रालयानंच स्वीकारलं आहे.

आता पनवेलच्या दारातच नवी मुंबईचा विमानतळ आहे. 8 ऑक्टोबर 2025ला उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचं पात्र वळवलं गेलं, गावं उठली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. इतकं सगळं झाल्यावर परदेशी वेळापत्रकात फक्त आखातातली शहरं दिसली, तर ते अपुरं ठरेल. आखाताला प्रवासी भरपूर मिळतात हे खरं. पण पनवेल, पेण, अलिबाग, महाडकडून नेपाळ आणि श्रीलंकेला जाणाऱ्यांना सहारची वारी कशासाठी?

तेव्हा विनंती एवढीच: शेजारी देशांशी हवाई सेवेची बोलणी होतील तेव्हा नवी मुंबईचं नाव त्यांत आग्रहानं मांडावं, आणि काठमांडू व कोलंबोसाठी निदान आठवड्यातून काही थेट उड्डाणं इथून सुरू करायला विमान कंपन्यांना सांगावं. मंत्रालयानं याचं उत्तर जाहीरपणे द्यावं.

कळावे,
पनवेलचे प्रवासी