जुन्या गिटारच्या पाटल्या मोडताना

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या घराजवळच्या एका बंगल्याबाहेर ‘इस्टेट सेल’ची पाटी लागली. शिकागोच्या आसपास राहणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. तिकडे सांगली-पुण्यात वाचणाऱ्यांसाठी सांगतो. घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलं, की मुलं सगळ्या सामानाला किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवतात आणि दोन दिवस दार सताड उघडं ठेवतात. कुणीही यावं, कपाटं उघडावीत, हवं ते विकत न्यावं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. आता सरावलोय.

तळघरात ख्रिसमसच्या सामानाखाली एक लांबट पेटी सापडली. आत लॅप स्टील गिटार होती. म्हणजे आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणायचे ती. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात लोखंडी दांडी धरून तारांवरून सरकवायची. ही सुप्रो कंपनीची होती, इथेच शिकागोत व्हॅल्कोच्या कारखान्यात बनलेली. अंगभर मोतिया रंगाचं प्लॅस्टिक. या प्लॅस्टिकला इथले गिटारवाले चेष्टेने ‘टॉयलेट सीटचा मोती’ म्हणतात, आणि एकदा ते ऐकलं की दुसरं काही दिसत नाही. पेटीच्या खणात दांडी, अंगठ्याची नखी आणि पेन्सिलीच्या खुणा केलेले शिकवणीचे कागद होते. कुणीतरी लहानपणी मन लावून शिकलं होतं.

खरं सांगायचं तर गिटारशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला तिचा पिकअप हवा होता.

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याच्याजवळ केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची पोलादी तार थरथरली की वेढ्यांमध्ये वीज तयार होते, ती ॲम्प्लिफायरकडे जाते. बारावीच्या फिजिक्समधला फॅरडेचा नियम, बाकी काही नाही. पण वेढे किती, चुंबक कसलं, ते तारेपासून किती लांब, यावर आवाज ठरतो. व्हॅल्कोच्या या पिकअपमध्ये तारा वरून जात नाहीत, त्याच्या धातूच्या घरातून आरपार ओवलेल्या असतात. आवाज भरदार, किंचित कर्कश, आणि एक सूर लावला की तो सोडायला तयार नसतो.

राय कूडर या कॅलिफोर्नियाच्या गिटारवादकाने आपल्या स्ट्रॅटोकास्टरच्या ब्रिजपाशी व्हॅल्को बनावटीच्या लॅप स्टीलचा पिकअप बसवला आणि मानेकडे टेस्को या जपानी गिटारचा. त्या गिटारला लोक ‘कूडरकास्टर’ म्हणतात. आपल्याला कूडर ठाऊक आहे तो पंडित विश्वमोहन भट यांच्याबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’मुळे, 1993 चा तो अल्बम, पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. त्यात तो साधी, बिनविजेची गिटार वाजवतो. विजेच्या गिटारवर मात्र जगभरच्या हौशी लोकांना त्याच्यासारखा आवाज हवा असतो, आणि त्यासाठी जुन्या लॅप स्टील उघडल्या जातात. नुसता पिकअप विकला तरी बऱ्याचदा अख्ख्या वाद्याइतके पैसे सुटतात. मग उरलेलं लाकूड कोण सांभाळणार?

मीही तेच केलं. स्ट्रॅटचा मूळ पिकगार्ड जपून ठेवला, दुसरा आणून कापला, मित्राकडून राउटर आणून लाकूड कोरलं. गिटारचं अंग कोरताना हात थरथरला, पण लॅप स्टीलचे चार स्क्रू काढताना अजिबात नाही. हे मला पुढे आठवत राहिलं.

बसवणं सोपं नव्हतं. लॅप स्टीलच्या सगळ्या तारा एका पातळीत सपाट असतात. स्ट्रॅटची पट्टी कमानदार, जुन्या मापात सव्वासात इंची त्रिज्येची, त्यामुळे मधल्या तारा वर येतात. तारा ज्या फटीतून जायच्या ती फट सपाट. तिसरी तार वरच्या पत्र्याला घासायची. ब्रिज खाली घेतला तर कडेच्या तारा पडद्यांवर खडखडायच्या. शिवाय जुन्या पिकअपचं धातूचं घर अर्थिंगला जोडावं लागतं. मी ते विसरलो आणि खोलीभर घुंऽऽ असा आवाज भरला. (जाता जाता: इथली वीज 60 हर्ट्झची, म्हणून इथली घुरघूर बी-फ्लॅट आणि बी यांच्या बरोब्बर मध्ये लोंबकळते, धड कुठल्याच सुरात नसते. भारतातली 50 हर्ट्झची, ती बरीचशी जी स्वरात बसते. आमच्या बँडच्या तबलजीला हे सांगितलं तर तो म्हणाला, तरीच इकडे काही जुळत नाही.)

तरी आवाज लागला तेव्हा अंगावर काटा आला, हे कबूल करतो. बोटात काचेची नळी घालून एक मींड घेतली आणि वाटलं, वसूल.

आठ दिवसांनी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम. मी तिथे ऱ्हिदम वाजवतो. तळहाताने तारा दाबून ठेका द्यायचा तर तिथे आता पत्र्याचं घर. त्यात लावणीच्या ऐन मध्यात तार तुटली. नवी तार त्या बोगद्यातून ओवता ओवता गाणं संपलं, निवेदिकेचे दोन विनोद संपले, आणि पहिल्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, “सुई-दोरा देऊ का?”

घरी येऊन तो पिकअप थोडा खाली बसवायचा म्हणून बाहेर काढला. मीटर लावला. आधी व्यवस्थित आकडा येत होता, आता नुसतं ‘ओएल’. सर्किट तुटलं. वेढ्यांचं बाहेर येणारं टोक माझ्या हाताने तुटलं होतं. कित्येक दशकं तळघरात सुखरूप राहिलेली वस्तू माझ्याकडे महिनाभरही टिकली नाही.

त्या रविवारी सांगलीला काकाशी व्हिडिओ कॉल होता. काका बँकेतून निवृत्त, आता पंचाहत्तरीचा. सत्तरच्या दशकात तो हवाईयन गिटार वाजवायचा, कोलकात्याला बनलेली. तेव्हा रेडिओवर हिंदी गाण्यांच्या धुना या गिटारवर ऐकू यायच्या आणि गावोगावी ती शिकणारी माणसं होती. त्याला सगळी कर्मकथा सांगितली. तो हसेल असं वाटलं होतं.

“अरे, मग त्या गिटारचं काय केलंस?” त्याने विचारलं.

“कुठल्या?”

“ज्यातून काढलास त्या.”

ती गॅरेजमध्ये होती, स्नो ब्लोअरच्या मागे. मी म्हटलं, आहे की, ठेवलीये.

मग त्याने जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. त्याच्या गिटारचा पिकअपही असाच गेला. ऑर्केस्ट्रात स्पॅनिश गिटार वाजवणारा एक मुलगा होता. त्याचा पिकअप जळला, दुसरा मिळायची सोय नव्हती. परदेशी वस्तू तेव्हा सहज येत नसत, आणि आल्या तरी परवडत नसत. काकाने स्वतः आपला पिकअप काढून दिला. “आणून देतो म्हणाला होता. नाही आणला. पण त्यावर त्याने दहा-बारा वर्षं पोट भरलं रे, मी कशाला मागू?” उरलेली गिटार आधी भिंतीवर होती, मग माळ्यावर, मग घर पाडून फ्लॅट झाले तेव्हा कुठे गेली ते कुणालाच आठवत नाही. त्यानंतर काकाने गिटार वाजवली नाही. हे तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही. पण एवढी वर्षं आम्ही समजत होतो की नोकरीच्या धबडग्यात त्याचं वाजवणं सुटलं.

त्या दिवसापासून माझं मत बदललंय, आणि ते गिटारवाल्या मित्रांना फारसं आवडत नाही. चालू असलेल्या, पूर्ण लॅप स्टीलचा पिकअप काढून दुसऱ्या गिटारमध्ये घालू नये. काकाच्या त्या मुलाची गरज होती. आमची हौस आहे. आजीच्या पाटल्या मोडून नेकलेस करताना आपण म्हणतो, सोनं तर घरातच राहिलं. सोनं राहतं, पण घडण जाते.

मित्र म्हणतात, पडून राहण्यापेक्षा वाजलेलं बरं. त्यात तथ्य आहे, म्हणून तर मी एवढा विचार करतोय. पण पडून राहिलेली वस्तू आणि मोडलेली वस्तू एक नव्हे. पडून राहिलेली उद्या कुणीतरी उचलू शकतो.

आणि यात एक हिशेबाची गोष्टही विसरली जाते. विजेवर चालणारी गिटार ही मुळात लॅप स्टीलचीच लेक. जॉर्ज बोशँप हा स्वतः लॅप स्टील वाजवणारा. त्याच्या कल्पनेतून 1932 मध्ये रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आली, ॲल्युमिनियमची, दिसायला खरंच तव्यासारखी, तारांवरून नालासारखी चुंबकं घातलेली. तिचं पेटंट 1937 मध्ये मिळालं. उभ्याने वाजवायच्या गिटारला पिकअप लागले ते तिच्या मागोमाग. लिओ फेंडरही आधी लॅप स्टीलच बनवत होता. त्याच्या 1949 च्या ‘चॅम्पियन’ लॅप स्टीलचा पिकअप आणि 1950 मध्ये आलेल्या गिटारचा, म्हणजे आजच्या टेलिकास्टरचा, ब्रिज पिकअप जवळजवळ एकच आहेत. म्हणजे ज्याच्या घरी टेलिकास्टर आहे त्याच्याकडे लॅप स्टीलचा आवाज आधीच आहे! व्हॅल्कोचाच हवा असेल तर आज जुन्या मापांवरून नवे पिकअप हाताने गुंडाळून देणारे कारागीर आहेत. काही जण तर स्ट्रॅटच्या कमानीला जुळवून देतात, तारा ओवाव्या लागत नाहीत. मी एकाचा नवा आणि माझा जुना डोळे मिटून ऐकला. फरक सांगता आला नाही. ज्यांना सांगता येतो त्यांना माझा नमस्कार.

ज्या गिटारची मान तुटली, लाकूड कुजलं, तिचा पिकअप जरूर वापरावा. अर्धवट, सुटे पिकअपही बाजारात येतात, तेही घ्यावेत. माझा आक्षेप फक्त धडधाकट वाद्य उघडण्याला आहे.

माझा पिकअप दुरुस्त झाला. शहरातल्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याने भिंगाखाली बाहेरचा एक वेढा सोडवून त्याला नवं टोक जोडलं. पाऊण तास लागला. टोक आतल्या बाजूने तुटलं असतं तर सगळे वेढे नव्याने घालावे लागले असते, म्हणाला. मी तो पुन्हा लॅप स्टीलमध्ये बसवला, चार जुन्या स्क्रूंनी. एका स्क्रूचा आटा मीच खराब केला होता, तिथे टूथपिक खुपसलंय.

माळ्यावर कुणाची हवाईयन गिटार पडली असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एवढं करा: स्क्रू उघडू नका, नुसती साधी केबल लावून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे आवाज येतो का बघा. आवाज नसेल तर बहुतेक वेळा जॅक किंवा व्हॉल्यूमचा कंट्रोल गंजलेला असतो. पिकअप शाबूत असतो.

काका-काकू जूनमध्ये इकडे येतायत. काकाने विचारलं, तिकडे दांडी मिळते का, की बरोबर आणू? म्हणजे दांडी त्याने ठेवलीये. पन्नास वर्षं. काकूला विचारलं तर म्हणाली, देवघराच्या खणात आहे, आम्हाला वाटायचं कुलपाची कडी असेल.

माझ्या स्ट्रॅटची ब्रिजपाशी कोरलेली जागा अजून रिकामीच आहे. कुणाकडे खरोखर मेलेली लॅप स्टील असेल तर कळवा. फोटो आधी पाठवा, मान तुटलेली दिसली पाहिजे.