आधी वर्ग, मग सर्टिफिकेट

इंग्रजी शिकवण्याचा सर्टिफिकेट कोर्स नेमका कधी करावा, असं विचारणारी माणसं मला दरवर्षी भेटतात. बी.एड. करून नुकतेच रुजू झालेले सहकारी विचारतात. दर दोन-तीन वर्षांनी बदलीच्या पेट्या बांधणाऱ्या फौजी कुटुंबांतल्या भगिनी विचारतात. बारावीतला एखादा कॅडेटही प्रेपच्या वेळी हळूच विचारतो. बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असतं : जितका लवकर तितका बरा. माझं मत तसं नाही. निदान दोन वर्षं वर्गावर शिकवा, मग कोर्स करा. आणि मग मात्र फार लांबवू नका.

हा प्रश्न आपल्यासारख्या शाळेत नुसता शिक्षकाच्या बायोडेटाचा नाही. सैनिक शाळेच्या सहावीची प्रवेश परीक्षा १३ भाषांतून देता येते आणि त्यांत मराठी आहे. लातूर-बीडकडचा मुलगा गणित, सामान्य ज्ञान सगळं मराठीत सोडवून आपल्याकडे येतो आणि पहिल्या दिवसापासून विज्ञान, भूगोल, मेसमधल्या सूचना, परेडचे कार्यक्रम सगळं इंग्रजीत ऐकू लागतो. शाळा महाराष्ट्राबाहेर असेल तर शेजारच्या खाटेवरच्या मुलाचीही भाषा वेगळी. गेल्या वर्षी 'हँड इन युअर नोटबुक्स' म्हटल्यावर एका मुलाने प्रामाणिकपणे हात वर केला. वर्ग हसला, त्याला काही कळलं नाही. पुढे याच मुलाला एनडीएच्या लेखी परीक्षेत इंग्रजीचे २०० गुण मिळवायचे आहेत आणि त्यानंतर एसएसबीत पाच दिवस स्वतःचे विचार बोलून दाखवायचे आहेत. त्याच्यापुढे उभा असलेला शिक्षक कोर्समधून काय घेऊन आला, यावर त्याचं बरंच काही अवलंबून आहे.

मी कोर्स केला तेव्हा शिकवण्याचं माझं तिसरं वर्ष चालू होतं. आमच्या तुकडीत निम्मे जण थेट कॉलेजातून आलेले होते. एके दिवशी प्रशिक्षकांनी 'यूज्ड टू' ही रचना घेतली. फळ्यावर वाक्य होतं, 'माय ग्रँडफादर यूज्ड टू सर्व्ह इन द आर्मी.' ते म्हणाले, अर्थ कळला का असं कधी विचारू नका. विचारा, 'इज ही इन द आर्मी नाऊ?' मग विचारा, 'वॉज ही इन द आर्मी बिफोर?' उत्तरावरून कळेल की मुलाला समजलं आहे की नाही. नव्या मंडळींनी ते वहीत व्यवस्थित उतरवून घेतलं. आम्हा शिकवणाऱ्यांना मात्र आपापल्या वर्गातले चेहरे दिसायला लागले. आमची मुलं 'आय यूज टू गेट अप ॲट फाइव्ह' असं सर्रास म्हणतात आणि त्यांना आजची सवय सांगायची असते. मी दोन वर्षं लाल शाईने ते दुरुस्त करत होतो आणि चूक परत परत का येते याचा विचार करत होतो. ते दोन छोटे प्रश्न मला उत्तरासारखे मिळाले. शेजारच्या मुलीसाठी तो एक मुद्दा होता, परीक्षेपुरता लक्षात ठेवायचा.

सैनिकी शाळेत तर हे अधिकच लागतं. बाहेरच्या शाळेत 'समजलं का?' विचारलं तर चार मुलं गप्प बसतात, दोघं मान हलवतात. शिक्षकाला अंदाज येतो. आपल्याकडे 'अंडरस्टूड?' विचारलं की पस्तीस गळ्यांतून एकच 'यस सर!' येतं आणि खिडक्यांच्या काचा हलतात. शिस्त उत्तम आहे, पण त्या आवाजाखाली कोणाला समजलं नाही ते कधी कळत नाही. हे ज्याने एकदा अनुभवलं, त्याला कोर्समधलं ते तंत्र शिकवावं लागत नाही, दाखवलं की पुरतं.

दुसरं एक कारण आहे. जगभर ज्याचं नाव घेतलं जातं तो केंब्रिजचा सेल्टा कोर्स मुळात प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी बेतलेला आहे. लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये इंटरनॅशनल हाउसतर्फे थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण सुरू केलं, त्या परंपरेतला. तिथले विद्यार्थी स्वखुशीने आलेली मोठी माणसं, वर्ग लहान. आपल्याकडे पहाटेची पीटी आणि नाश्ता आटोपून आलेली पस्तीस मुलं, त्यातली सहा पेंगत असलेली. तिथलं काय इथे चालेल आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवायला आपला वर्ग आधी माहीत असायला हवा.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो हलका नाही. प्रशिक्षण न घेता शिक्षकाला वर्गावर पाठवणं म्हणजे दोन वर्षं मुलांवर प्रयोग करणं नव्हे काय? पण आपल्याकडे शाळेत शिकवायला बी.एड. लागतंच, सध्याच्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेत घालवायचे २० आठवडे आहेत. सर्टिफिकेट कोर्स त्याच्या जागी चालत नाही, हेही इथेच सांगून टाकतो, कारण जाहिराती वाचून अनेकांचा उलटा समज होतो. शिवाय पहिल्या दोन वर्षांत नव्या शिक्षकाला एकटं सोडायचं नसतं. ज्येष्ठाने महिन्यातून दोनदा मागच्या बाकावर जाऊन बसावं. आम्ही ज्येष्ठ ते करत नाही आणि मग कोर्सवर सगळा भार टाकतो.

दोन वर्षांनंतर का, दहा वर्षांनंतर का नाही? कारण सवयी घट्ट होतात. आमच्या तुकडीत पंधरा-सोळा वर्षं शिकवलेले एक गृहस्थ होते, विद्वान माणूस. चाळीस मिनिटांच्या पाठात पस्तीस मिनिटं तेच बोलत. प्रशिक्षकांनी घड्याळ लावून दाखवलं तरी पुढच्या पाठात पुन्हा तेच. कॉलेजातून आलेली पोरं याबाबतीत त्यांच्याहून सरस होती, हे मान्य केलं पाहिजे. म्हणून माझ्या मते दुसरं ते पाचवं वर्ष हा काळ चांगला.

बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांचं गणित थोडं निराळं. पुढच्या ठाण्यावर काम मिळेल की नाही याची खात्री नसते आणि सर्टिफिकेट पेटीतून कुठेही नेता येतं. तिथे दोन वर्षांचा हट्ट मी धरणार नाही. पण जवळच्या शाळेत किंवा युनिटमधल्या मुलांना सहा महिने तरी शिकवून मग जावं. परदेशी नोकरी ठरलेलीच असेल आणि तिथे कागद मागत असतील, तर अर्थातच लगेच करा. एका कॅडेटचे वडील आर्मी एज्युकेशन कोअरमध्ये आहेत. निवृत्तीनंतर करू का, असं त्यांनी विचारलं. जवानांना शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी वर्दी उतरण्याआधीच करावा. हाताशी वर्ग असतो, आज शिकलेलं उद्या करून बघता येतं.

बारावीच्या कॅडेटने मात्र थांबावं. आधी पदवी. तोवर संध्याकाळच्या प्रेपमध्ये सहावीच्या दोन मुलांना रोज वीस मिनिटं वाचून दाखव, त्यांच्याकडून वाचून घे.

कोर्स कोणता, याबद्दल थोडक्यात. हैदराबादची संस्था १९५८ पासून इंग्रजीच्या शिक्षकांना घडवते आहे. तीच आज इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ, म्हणजे इफ्लू. बेंगळुरूची दक्षिण भारतासाठीची संस्था १९६३ ची. परदेशी नावाच्या मागे जाण्याआधी या घरच्या संस्थांची चौकशी करा, खर्चही कमी येतो. आणि '१२० तासांचा' म्हणून घरबसल्या मिळणाऱ्या कोर्सला पैसे भरण्याआधी एकच विचारा : खऱ्या मुलांसमोर मी किती वेळ उभा राहणार, आणि ते बघायला कोण बसणार? सेल्टातही १२० तास आहेत, पण त्यांत सहा तास प्रत्यक्ष शिकवणं आहे, सहा तास अनुभवी शिक्षकांचे पाठ बघणं आहे आणि चार लेखी स्वाध्याय आहेत. ज्या कोर्समध्ये एकही विद्यार्थी समोर येत नाही, तो पोहण्याचं पुस्तक वाचून तळ्यात उडी मारण्यासारखा.

राहिला वर्षातला महिना. पूर्णवेळ सेल्टा चार-पाच आठवड्यांत उरकतो. रात्री पाठाची तयारी, सकाळी पाठ, दुपारी टीका. हाउसमास्टरची जबाबदारी सांभाळत हे होत नाही, कोणी होतं म्हटलं तर विश्वास ठेवू नका. मोठ्या सुटीतच करावा. त्याआधीच्या वर्षभरात एक साधी वही ठेवा आणि वर्गात जे अडलं ते त्याच दिवशी लिहा : कोणत्या वाक्याला मुलं अडखळली, कोणत्या सूचनेला भलताच हात वर झाला. ती वही कोर्सला घेऊन जा. आणि सुटीतली कॅम्पसची ड्यूटी तुमच्या नावावर असेल, तर अदलाबदल फेब्रुवारीतच ठरवून घ्या. एप्रिल उजाडला की सगळ्यांची गावाकडची तिकिटं निघालेली असतात.