आधी वेळ, मग पास

उन्हाळ्यात भारतातून आईवडील आले की लंडनकर मराठी घरांची पॅरिसवारी ठरलेलीच. ‘पास काढला की सगळी दारे उघडी’ हा समज मात्र आपण सोडायला हवा. पॅरिस म्युझियम पासमध्ये प्रवेशाचे पैसे भरलेले असतात, वेळ राखलेली नसते. लूव्र, सेंत-शापेल आणि व्हर्सायच्या राजवाड्यासाठी पास असूनही वेळ आगाऊ नोंदवावी लागते. लूव्र मंगळवारी, तर व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. पासचे ४८ तास पहिल्या प्रवेशापासून सुरू होतात, मग ते थांबत नाहीत. म्हणून आमचे स्पष्ट मत: आधी कोणत्या वेळा शिल्लक आहेत ते पाहावे, मगच पास घ्यावा. सत्तरीतल्या आईला दारावरून परत आणण्यापेक्षा घरी अर्धा तास खर्चणे केव्हाही बरे!